मागचा डावा दिवा

अमेरिकेतल्या क्ले बेंड गावात सार्जंट कुचेराला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच, एक त्याची बायको आणि एक मी. बाकी सगळं गाव त्याला दिवेवाला म्हणतं, आणि तेही तोंडावर. वय सत्तावन्न, पोट पट्ट्याच्या पुढे आलेलं, मिशा मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या, आणि चाल अशी की चोरानं आधी निवांत जेवून घ्यावं, मग पळावं, तरी हा त्याला गाठायचा नाही. माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नवऱ्यानं काढलेलं, तो गेल्यापासून मी चालवते. चौदा वर्षं मी या माणसाला गाडीच्या मागच्या दिव्यांचे बल्ब विकते आहे, एका वेळी दोन पेट्या. त्यानं आयुष्यात काय दिवे लावले, असं मला कुणी विचारलं तर मी बोटांवर मोजून सांगीन.

पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला वाटलं, झडती घ्यायलाच आलाय.

"काय हवंय?" मी गल्ल्यामागून उठलेसुद्धा नाही.

"मागच्या दिव्यांचे बल्ब. सगळ्यात जास्त खपतात ते. दोन पेट्या."

"चौकीवर रोषणाई करताय का?"

तो हसला नाही. टोपी काढून काउंटरवर ठेवली. "माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायचेत, मॅडम. दुसऱ्यांच्या गाड्यांना लावायला."

मी बल्ब दिले, पण विश्वास ठेवला नाही. पोलिसानं फुकट काही दिलं की त्याची किंमत नंतर कळते, असं मला तेव्हा वाटायचं. खरी गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, तीही त्याच्या बायकोकडून.

माझ्याकडे पहिल्यांदा येण्याआधी त्यानं सेलेस्तिनो नावाच्या एका माणसाला हमरस्त्यावर थांबवलं होतं. मागचा एक दिवा बंद होता. कुचेरानं नियमाप्रमाणे पावती फाडली. सेलेस्तिनोकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात नेलं, नियमाप्रमाणे बोटांचे ठसे घेतले, आणि ते ठसे जिथे जायचे तिथे गेले, बिनकागदाच्या लोकांना देशाबाहेर काढणाऱ्या खात्याकडे. दहाव्या दिवशी तो सरहद्दीपलीकडे होता. त्याच्या बायकोला यातलं काही कुणी सांगितलं नाही. ती बाई रोज दुपारी फडक्यात गुंडाळलेलं जेवण घेऊन चौकीवर यायची आणि बाकावर बसून राहायची. तिला वाटायचं, नवरा याच इमारतीत आहे. तिला खरं सांगायचं काम शेवटी कुचेराच्या गळ्यात पडलं. त्याला तेव्हा स्पॅनिशमध्ये दोनच वाक्यं यायची, 'थांबा' आणि 'हात दिसू द्या'.

त्यानंतर त्यानं चर्चमधल्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं आणि माझ्या दुकानात येऊन बल्ब घेतले.

त्याचं स्पॅनिश म्हणजे एक प्रकरणच आहे. मास्तरीणबाईंनी हात टेकले होते. रात्रपाळीला निघालेली एखादी गाडी तो थांबवायचा, खिडकीशी वाकायचा आणि अगदी गंभीरपणे म्हणायचा, "नमस्कार. आपला मागचा डावा दिवा वारला आहे." आतल्या माणसानं दोन्ही हात आधीच दिसतील असे स्टिअरिंगवर ठेवलेले असायचे. त्यात हे ऐकल्यावर हसावं की रडावं ते त्याला कळायचं नाही. मग हा डिकीतून बल्ब आणि स्क्रू ड्रायव्हर काढायचा आणि थंडी असो की वारा, गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसायचा. बल्ब लागला की नाही ते पाहायला कुणीतरी ब्रेक दाबायला लागतो. गाडीत पोरगं असेल तर ते काम पोराचं, हा त्याचा नियम. बापानं उतरायचं, पोरानं त्याच्या जागेवर बसायचं आणि पाय लांबवून ब्रेकपर्यंत न्यायचा. कुचेरा मागून ओरडायचा, "दाब! सोड! दाब!" आणि पोर पुढून विचारायचं, "जिवंत?" तो म्हणायचा, "जिवंत!" मग पावती नाही, नाव नाही, काही नाही. टोपीला बोट लावून निघून जायचा. गावातल्या आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची निम्मी पोरं त्या ब्रेकवर पाय ठेवून मोठी झाली आहेत. शाळेच्या मैदानात ती हा खेळ खेळतात.

हे सगळं मी अशासाठी सांगते आहे, की गेल्या हिवाळ्यात काय मोडलं ते कळावं.

त्या हिवाळ्यात मिग्रा आली. कागद नसलेल्यांना उचलायला येणारी केंद्र सरकारची माणसं, त्यांना आमच्याकडे मिग्रा म्हणतात. याआधीही यायची, पण वर्षातून एकदा, कुणा एकाचं नाव घेऊन. या वेळी ती मुक्कामालाच आली. काळ्या काचांच्या गाड्या, तोंडाला फडकी आणि छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'पोलीस'. हेच कुचेराच्याही छातीवर लिहिलेलं असतं. गुरं कापायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या माणसानं अंधारात काय वाचायचं?

पंधरा दिवसांत गाव मुकं झालं. बेकरीवाल्या पेत्राचं दुकान फोडलं, तिनं काचा झाडून काढल्या आणि पोलिसांना कळवलं नाही. चौकात एकाला ट्रकनं उडवलं, तो मोडलेला हात छातीशी धरून चालत घरी गेला.

कुचेरा दुकानात येऊन बसला. "फोन वाजत नाही, दोन्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तोही मला सगळ्यांसारखं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायला लागला होता. "आमचे साहेब खूश आहेत. म्हणतात, गुन्हे घटले."

"मग तुम्हीही व्हा खूश. पेढे वाटा."

"मला भीती वाटते. काहीतरी होईल आणि मला कुणी बोलावणार नाही."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. भीती वाटायची पाळी आमची होती, हा माझ्या खुर्चीत बसून तीही घेऊन चालला होता.

मग चर्चच्या तळघरात सभा झाली. कुचेरा गणवेशातच आला. उभा राहून त्यानं आपल्या स्पॅनिशमध्ये वचन दिलं, की या गावचा पोलीस कुणाच्याही दारात कागद मागायला येणार नाही. लोकांनी ऐकून घेतलं. मागच्या रांगेतून ओदिलिया उठली. तिचा नवरा एफ्राइन कारखान्यात हाडांपासून मांस सोडवायच्या कामावर. दोघं ग्वातेमालाची. तिच्या एका हाताला नऊ वर्षांची ब्रिसेइदा, कडेवर धाकटा नोएल.

"तुमच्यावर विश्वास आहे हो," ती म्हणाली. "पण दाराबाहेर तुम्हीच आहात हे आम्ही ओळखायचं कसं? त्यांच्याही छातीवर पोलीसच लिहिलंय."

कुचेरानं मान खाली घालून आपल्या छातीवरची अक्षरं पाहिली.

तेव्हा मी उठले. मला उठायची फार हौस. दार वाजलं तर काय करायचं याची छोटी कार्डं मी छापून आणली होती, ती वाटली आणि पाठ करून घेतली. दार उघडायचं नाही. म्हणायचं, न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाराखालून सरकवा; त्याशिवाय त्यांना घरात शिरता येत नाही. ओळखीचा आवाज आला तरी उघडायचं नाही, कारण ते ओळखीच्या माणसाला धरून आणतात आणि त्याला हाक मारायला लावतात. दार फुटलं तर घरातल्या शेवटच्या खोलीत जायचं, कडी लावायची, न्हाणीच्या टबात आडवं व्हायचं. पोरांकडून तर मी दोनदा म्हणून घेतलं.

"आणि दिवेवाला आला तर?" कुणीतरी विचारलं.

"तरी उघडायचं नाही," मी म्हटलं. "त्याच्या मागे कोण उभं आहे ते दाराच्या भोकातून दिसत नाही."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "दोन्यांचं बरोबर आहे." कॉफी न घेता, गोड पावाला हात न लावता तो निघून गेला. वर रस्त्यावर त्याची गाडी बराच वेळ तशीच उभी असल्याचं मला तळघराच्या खिडकीतून दिसत होतं. मला वाईट वाटलं. पण मी बरोबर होते, आणि बरोबर असलं की मला वाईट वाटलेलं फार वेळ टिकत नाही.

आता माझी चूक सांगते. फोनवर आमचा एक गट होता, मिग्राची गाडी कुठे दिसली ते कळवायचा. जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली गेला, तेव्हा मीच त्यावर लिहिलं की छपरावरच्या नळीतून पांढरी वाफ दिसली की त्यांना घरात माणूस असल्याचं कळतं. घर गरम ठेवायची भट्टी दिवसा बंद ठेवा. खिडक्या प्लास्टिकनं बंद करा, फटी बुजवा, म्हणजे ऊब राहील. फक्त दाराखालची फट ठेवा, कागद सरकवायला. चाळीस जणांनी होकाराचा अंगठा टाकला. मला फार शहाणं वाटलं. भट्टीशिवाय कामगारांच्या पत्र्याच्या घरांत माणसं ऊब कुठून आणतील, याचा विचार मी केला नाही. चाळीस वर्षं इथे राहून केला नाही.

एका गुरुवारी सकाळी सव्वानऊला कुचेरा बल्ब घ्यायला आला होता. गाड्या थांबवणं त्यानं बंद केलं होतं, पण पेट्या नेणं चालू होतं. माझा फोन वाजला. एफ्राइन होता, कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत. मागे साखळ्यांचा खणखणाट.

"दोन्या, ओदिलिया फोन उचलत नाही. तुम्ही जरा जाऊन याल?"

"झोपली असेल. शेवटचं कधी बोललास?"

"सहाला. डोकं फार दुखतंय म्हणाली. काल पण दुखत होतं. नोएलला उलट्या होतायत."

मी हे मोठ्यानं म्हटलं असणार, कारण कुचेरानं हातातली पेटी खाली ठेवली. "त्याला विचारा, घर कशावर गरम करतायत."

मी विचारलं. एफ्राइन म्हणाला, "भट्टी तर बंदच आहे, तुम्ही सांगितलं तशी. गॅसची शेगडी आहे ना, तिच्या खालचा पाव भाजायचा ओव्हन पेटवून त्याचं झाकण उघडं ठेवतो. खिडक्या सगळ्या बंद केल्यात, काळजी करू नका."

कुचेरा तोवर दारात पोचला होता. "बंद घरात शेगडी जळत राहिली की विषारी वायू साठतो. तो दिसत नाही, त्याला वास येत नाही," तो म्हणाला. "माणूस झोपतो आणि उठत नाही. तुम्ही येताय का? मला एकट्याला ते उघडणार नाहीत."

मी गल्ला उघडा टाकून त्याच्या गाडीत बसले. वाटेत त्यानं बिनतारीवरून अग्निशमनवाले आणि रुग्णवाहिका मागवली. "वीस मिनिटं," पलीकडून उत्तर आलं. दोन्ही गाड्या दुसऱ्या टोकाला, हमरस्त्यावरच्या अपघातावर होत्या.

"एफ्राइनला सांगा, थेट इस्पितळात जा," कुचेरा म्हणाला, "रुग्णवाहिका तिथेच येईल. घराकडे येऊ नको."

मी एफ्राइनला तसंच सांगितलं. त्यानं हो म्हटलं की नाही, ते साखळ्यांच्या आवाजात कळलं नाही.

पत्र्याच्या घरांची वस्ती गावाच्या कडेला आहे. गावात प्रत्येक छपरावर वाफेचा तुरा होता. ओदिलियाच्या गल्लीत वळलो. एकाही छपरावर वाफ नव्हती. सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. मी गटावर लिहिलं: भट्ट्या लावा. खिडक्या उघडा. आत्ता. चूक माझी आहे.

गल्लीच्या तोंडाशी काळ्या काचांची राखाडी गाडी उभी होती, इंजिन चालू ठेवून.

"कुचेरा, ते आहेत."

"दिसले."

"आपण दार उघडून घ्यायचं आणि ती बाहेर येणार यांच्या डोळ्यांसमोर?"

"आत राहिली तर मरतील, दोन्या." त्यानं गाडी थेट घरासमोर नेली.

दार लोखंडी पत्र्याचं, बाहेर उघडणारं. लाथ मारून आत पडणारं नव्हे. शेजारची खिडकी फळीनं बंद केलेली. कुचेरानं दारावर मूठ आपटली. "पोलीस! गावचा पोलीस! वायू आहे, बाहेर या!"

पुन्हा मूठ. मग दाराच्या अगदी खालच्या बाजूनं, जमिनीजवळून, बारीक आवाज आला.

"न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाराखालून सरकवा."

ब्रिसेइदा. पाठ केलेलं म्हणत होती, शब्द एकमेकांना चिकटत होते. तिला आईनं पहारा द्यायला दाराशी बसवलं होतं. त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानंच ती अजून शुद्धीवर होती.

मी बर्फात गुडघे टेकले आणि फटीशी तोंड नेलं. "बाळा, मी दोन्या एउलालिया. दार उघड."

"दोन्यांनी सांगितलंय... ओळखीचा आवाज आला तरी उघडायचं नाही."

"अगं, मीच ती! मीच सांगितलं होतं!"

"ते धरून आणतात. हाक मारायला लावतात."

"आई कुठे आहे?"

"झोपलीय. उठत नाही."

मी उठून कुचेराचा दंड धरला. "फोडा. फोडा दार!"

तो डिकीतून पहार घेऊन आला होता. पण तो दाराकडे पाहत उभा राहिला. "फोडलं तर ती कुठे जाईल?"

मला माझंच कार्ड आठवलं. शेवटची खोली, कडी, टब. म्हणजे ती धाकट्याला ओढत पार दुसऱ्या टोकाला जाणार, जिथे वारा नाही, आणि मधे ती पेटलेली शेगडी. मी तोंडावर हात दाबला. मी पोरांकडून दोनदा म्हणून घेतलं होतं.

"अर्धं मिनिट द्या मला," तो म्हणाला. "नाहीतर फोडतो."

गल्लीच्या तोंडाशी राखाडी गाडीचं एक दार उघडलं. एक माणूस उतरून आमच्याकडे बघत उभा राहिला. समोरच्या घरातल्या पडद्याआडून कुणीतरी फोननं चित्र घेत होतं. कुचेरानं यातलं काही पाहिलं नाही. तो जडशीळ माणूस गुडघ्यांवर बसला, गाडीच्या मागे बसायचा तसा, आणि फटीशी वाकून ओरडला,

"दाब!"

कडी हलली नाही.

"सोड!"

मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं.

"दाब!"

मग आतून, अगदी हळू, सवयीनं आल्यासारखं,

"जिवंत?"

"जिवंत!" कुचेराचा आवाज फाटला. "जिवंत, बाळा! उघड!"

काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. कडी निघाली. दार हातभर उघडलं आणि पोर त्याच्या अंगावरच कोसळलं. तिचे गाल लाल होते, थंडीत खेळून आलेल्या पोरासारखे, आणि ते पाहून मला जास्त भीती वाटली, त्या वायूनंच माणूस असा लाल होतो म्हणतात. तिला माझ्याकडे ढकलून तो तोंडावर बाही धरून आत गेला. आधी नोएलला आणलं. मग ओदिलियाला काखेत हात घालून ओढत आणलं. दोघांचा श्वास चालू होता. मी माझा कोट बर्फावर टाकला, तिघांना त्यावर घेतलं आणि ओदिलियाच्या गालांवर थापट्या मारत, शिव्या देत, तिला बोलावत राहिले.

सायरन ऐकू आला तेव्हा राखाडी गाडीतला माणूस आमच्यापर्यंत आला होता. फडकं तोंडावर, फक्त डोळे दिसत होते. तरुण असावा.

"इथे कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"रुग्ण," कुचेरा म्हणाला.

"नावं?"

"श्वास घेतायत का ते मी आधी बघतोय. तुम्हाला मदत करायची असेल तर त्या समोरच्या घरांची दारं वाजवा आणि लोकांना बाहेर काढा. नसेल करायची तर रुग्णवाहिकेच्या वाटेतून बाजूला व्हा."

तो माणूस बाजूला झाला. खोटं का बोलू, तो बाजूला झाला. माझ्या मनात आलं, सुटलो.

गल्लीतली दारं उघडायला लागली होती. माणसं ब्लँकेटं गुंडाळून बाहेर येत होती, कुणी ओकत होतं, कुणी छपराकडे बघत होतं. एकेका छपरावर वाफ चढायला लागली. अकरा घरं मी मोजली. मिग्रालाही मोजता येत होती.

तेवढ्यात एफ्राइनची गाडी गल्लीत वळली. इस्पितळात जा म्हटल्यावर कोणता बाप जाईल? कारखान्याचा पांढरा अंगरखा, रक्ताचे डाग, डोक्याची जाळीसुद्धा काढलेली नव्हती. राखाडी गाडी आडवी आली, आमच्याजवळचा तो तरुणही तिकडे धावला. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

त्याची गाडी बर्फावर घसरून उलटी फिरून गल्लीच्या तोंडाशी तिरकी थांबली होती आणि आम्हाला तिची मागची बाजू दिसत होती. दोन्ही दिवे लालभडक पेटलेले. मागचा डावा कुचेरानं सप्टेंबरमध्ये बसवला होता, ब्रिसेइदानं ब्रेक दाबून.

त्या दिवशी मी कुचेराला आयुष्यात पहिल्यांदा पळताना पाहिलं. दोनदा घसरला. तो पोचेपर्यंत एफ्राइनचे हात मागे बांधून झाले होते.

"न्यायाधीशाच्या सहीचा कागद आहे तुमच्याकडे?" धापा टाकत त्यानं विचारलं. माझ्याच कार्डावरचं वाक्य.

"हे घर नाही, सार्जंट. रस्ता आहे," तो तरुण म्हणाला. "कागद लागत नाही."

"त्याची बायको तिथे बर्फात पडलीय."

"आम्हाला वाईट वाटतं."

एफ्राइननं यांच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. कुचेराकडे बघून त्यानं एकच विचारलं, "पोरं?"

"जिवंत," कुचेरा म्हणाला. "तिघंही."

एफ्राइननं मान हलवली, आणि त्याला नेलं. त्याच्या गाडीचं दार उघडंच होतं, इंजिन चालू. कुचेरानं आत वाकून किल्ली फिरवली आणि खिशात घातली. मग त्या दारावर हात ठेवून तो उभा राहिला, रुग्णवाहिका निघून गेल्यावरही.

ओदिलिया वाचली. उजव्या हाताला थोडा कंप राहिला आहे. नोएल ठणठणीत आहे, घर डोक्यावर घेतो. एफ्राइनला मार्चमध्ये ग्वातेमालाला पाठवलं.

गावाचे दोन भाग झाले. निम्मे म्हणतात, दिवेवाल्यानं तीन जीव वाचवले. निम्मे म्हणतात, मिग्रा त्याच्याच मागून आली, त्याच्याच गाडीमुळे थांबली. तो बेकरीत शिरला की काही जण उठून जातात. मी दोन्ही बाजूंशी भांडते. मी गटावर जाहीर लिहिलं, की वाफेचं मी सांगितलं होतं, शिव्या द्यायच्या तर मला द्या. कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कार्डं अजून माझ्या काउंटरवर आहेत. ती फेकून द्यायची माझी हिंमत नाही, कारण त्यावरचा शब्दन् शब्द खरा आहे, आणि कुणाला द्यायला हातही होत नाही.

एफ्राइनची गाडी चौकीच्या आवारात होती. एप्रिलमध्ये ओदिलियाला कारखान्यात काम मिळालं, तेव्हा कुचेरा ती माझ्या दुकानासमोर घेऊन आला. बॅटरी उतरली होती, ती मी बदलली. ओदिलिया ब्रिसेइदाला घेऊन आली. कुचेरानं किल्ली दिली आणि तो निघायला वळला.

ब्रिसेइदा कुणाला न विचारता बापाच्या जागेवर जाऊन बसली. आता तिचा पाय सहज पोचत होता. ती वाट बघत होती. कुचेरा गाडीच्या मागे उभा राहिला, टोपी हातात धरून. शेवटी मीच ओरडले, "दाब!"

दोन्ही दिवे लागले.

"जिवंत?" पोरीनं पुढून विचारलं.

कुचेरा काही बोलला नाही. तिनं पाय ब्रेकवर तसाच ठेवला. खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे त्याच्याकडे बघत तिनं पुन्हा विचारलं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ती पाय काढणार नव्हती.